गॅल्व्हस्टनच्या खाडीत गरवताना: स्पेकल्ड ट्राउट पकडण्याची सविस्तर रीत

सुरुवातीलाच एक घोळ मिटवून टाकू, आणि तो खराखुरा घोळ आहे. टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावर ज्याला ‘स्पेकल्ड ट्राउट’ किंवा नुसतं ‘स्पेक’ म्हणतात, तो ट्राउट नव्हेच. काश्मीर-हिमाचलच्या थंड नद्यांतला ट्राउट साल्मनच्या कुळातला. हा मात्र खाऱ्या पाण्यातला, पाठीवर काळे ठिपके असलेला, वरच्या जबड्यात दोन सुळे असलेला मासा. त्याचं कूळ सायएनिडी, म्हणजे आपला ढोमा आणि आपली घोळ ज्या कुळातली, तेच. घोळीच्या ज्या फुग्याला आपल्याकडे बोत म्हणतात आणि ज्याच्यापायी एकेका माशाची बातमी होते, तसाच फुगा याच्याही पोटात असतो. विणीच्या दिवसांत संध्याकाळी नर त्या फुग्यावर स्नायू थरथरवून टर्रटर्र आवाज काढतो. ह्यूस्टनमध्ये मासळीसाठी आसुसलेल्या माझ्यासारख्या मालवणी माणसाला हे कळलं तेव्हा अर्धा परकेपणा तिथंच गेला.

उरलेला अर्धा जायला मात्र दोन वर्षं लागली. आचऱ्याच्या खाडीत लहानपणापासून गरी टाकलेली, म्हणून इथंही जमेल असं वाटलं होतं. जमलं नाही. कारण इथल्या पाण्याचं गणित वेगळं आहे आणि मी जुनंच गणित मांडत होतो. म्हणून लायसन्स, रॉड वगैरेच्या आधी पाण्याबद्दलच सांगतो.

पाण्याचं गणित

आपल्याकडे तिथी ठाऊक असली की भरती ठाऊक. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती पूर्ण: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढउतार. दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या. मुंबईत पावसाळ्यातल्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर जातं.

गॅल्व्हस्टनला यातलं जवळजवळ काहीच लागू पडत नाही. इथं बऱ्याच दिवशी एकच भरती आणि एकच ओहोटी होते, आणि दोन्हींतला फरक जेमतेम दीड फूट. माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा तासभर काठावर बसून म्हणाले, “ह्यां पाणी चढता तरी खंय रे?” तिथीही इथं फसवते. मेक्सिकोच्या आखातात दिवसाला एकच भरती असल्यामुळे तिचा जोर चंद्राच्या कलेवर कमी आणि त्याच्या क्रांतीवर जास्त अवलंबून असतो, म्हणजे चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे त्यावर. तो दूर असला की पाणी चांगलं हलतं. विषुववृत्त ओलांडत असला की दिवसभर डबकं. पौर्णिमेला सुट्टी काढून जावं आणि पाणी ढिम्म हलू नये, हे माझ्याबाबतीत पहिल्या वर्षी निदान चारदा झालं.

यावर भारी पडतो तो वारा. आग्नेयेचा वारा दोन-तीन दिवस लागला की आखाताचं पाणी खाडीत ढकललं जातं आणि वेळापत्रकातल्यापेक्षा पाणी वर राहतं. हिवाळ्यात उत्तरेचा थंड वारा सुटला, ज्याला इथले लोक ‘नॉर्दर’ म्हणतात, की खाडीचं पाणी दोन-तीन फूट खाली जातं आणि खाजणं अक्षरशः रिकामी होतात. भरतीचा तक्ता काहीही म्हणो.

तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री दोन गोष्टी पाहायच्या. पहिली, अमेरिकी सरकारच्या ‘नोआ’ या संस्थेचं गॅल्व्हस्टन पिअर २१ चं भरतीकेंद्र. तिथं अंदाजाची रेघ आणि प्रत्यक्ष पाण्याची रेघ शेजारी-शेजारी दिसतात. दोन्हींत तफावत मोठी असेल तर वारा राज्य करतोय असं समजावं. दुसरी, ताशी किती मैल वारा आणि कुठल्या दिशेनं. पंधरा मैलांच्या वर असेल आणि तुमच्याकडे बोट नसेल, तर वाऱ्याच्या आडोशाचा किनारा शोधा किंवा सरळ झोपा. मासा भरतीला लागतो की ओहोटीला, हा वाद इथल्या बेट कॅम्पवर, म्हणजे जिवंत आमिष विकणाऱ्या टपरीवर, कायम रंगलेला असतो. माझं मत: दोन्हीला लागतो, थांबलेल्या पाण्याला लागत नाही. तक्त्यात रेघ जिथं सर्वांत तिरपी, ते दोन तास तुमचे.

कागदपत्रं

यात आळस नको. दंड भरावा लागतो, आणि व्हिसावर असलेल्या माणसाला सरकारी दप्तरात नाव नको असतं.

सतरा वर्षांच्या आणि त्यावरच्या माणसाला मासेमारीचं लायसन्स हवं, आणि खाऱ्या पाण्यासाठी त्यावर वेगळी मान्यता. टेक्सासमध्ये सलग सहा महिन्यांहून अधिक राहिला असाल तर तुम्ही रहिवासी. नागरिकत्वाचा प्रश्न नाही. रहिवाशाचं खाऱ्या पाण्याचं पॅकेज ३५ डॉलरचं, आणि ते १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षासाठी असतं. जुलैत घेतलं तर दोन महिन्यांत संपतं, म्हणून नवशिक्यानं सप्टेंबरात घ्यावं. भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी एका दिवसाचं परप्रांतीयाचं लायसन्स मिळतं. याहून सोपी वाट म्हणजे टेक्सासच्या स्टेट पार्कात काठावरून मासे धरायला लायसन्सच लागत नाही. गॅल्व्हस्टन आयलंड स्टेट पार्कला खाडीची बाजूही आहे. आजी-आजोबांसाठी मी तीच जागा सांगतो. प्रवेशाचे पैसे भरा, गरी टाका. मर्यादेचे नियम मात्र तिथंही तेच.

आणि ते नियम कडक झालेत. गॅल्व्हस्टनला पूर्वी माणशी दहा ट्राउट नेता येत, २०१९ पासून पाच झाले, आणि मार्च २०२४ पासून तीन. लांबी १५ ते २० इंच. त्याहून छोटा सोडायचा, मोठाही सोडायचा. २८ इंचांवरचा एखादा मासा लायसन्सबरोबरच्या खास टॅगवर ठेवता येतो, पण तसा मासा लागणं ही नशिबाची बाब. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत टेक्सासच्या किनाऱ्यावर निदान ३८ लाख मासे मेले, आणि ट्राउटला त्याचा फटका मोठा बसला. मोठ्या माद्या वाचवायच्या म्हणून वरची मर्यादा. सीमेपलीकडे लुइझियानात हिशेब वेगळा: नोव्हेंबर २०२३ पासून माणशी पंधरा, लांबी १३ ते २० इंच, त्यात दोन मासे २० इंचांवरचे चालतात. लायसन्सही तिथलं वेगळं. हे आकडे बदलत असतात, म्हणून निघण्याआधी त्या-त्या राज्याच्या खात्याच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

मापताना मासा कुशीवर, तोंड मिटलेलं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत एकत्र दाबून. काठावर येईपर्यंत डोकं-शेपूट कापायचं नाही. बोटीतच तुकड्या पाडून डब्यात भरण्याची आपली सवय इथं गुन्हा ठरते.

सामान

दुकानात गेलात तर विक्रेता चारशे डॉलरचं सामान गळ्यात मारेल. दीडशेत भागतं.

सहा-साडेसहा ते सात फुटांचा, मिडियम-लाइट रॉड. त्यावर २५०० किंवा ३००० आकाराचं स्पिनिंग रीळ. रिळावर दहा पाउंडाची विणलेली दोरी, म्हणजे ब्रेड. तंगूस ताणला जातो, ब्रेड ताणली जात नाही. वीस यार्डांवर माशानं नुसतं हुंगलं तरी हाताला कळतं. पण ब्रेड पाण्यात दिसते आणि कालवांवर घासली की तुटते, म्हणून टोकाला लीडर, म्हणजे वीस पाउंडाच्या पारदर्शक फ्लुरोकार्बन दोरीचा दोन फुटी तुकडा. दोन्ही जोडायला डबल युनी गाठ शिका. घरी टीव्ही बघत वीस वेळा बांधा. वाऱ्यात, ओल्या हातांनी, अंधारात तीच बांधायची आहे.

आता सर्वांत महत्त्वाची वस्तू: पॉपिंग कॉर्क. तारेत ओवलेला बोया, वरचं तोंड खोलगट, तारेवर मणी. रॉडला झटका दिला की बोया ‘ब्लुप’ करून पाणी उडवतो आणि मणी खडखडतात. पृष्ठभागावर कोळंबी खाणाऱ्या माशाचा आवाज असाच असतो. म्हणजे आपण दुसऱ्याच्या जेवणाचा आवाज काढून ट्राउटला पंगतीला बोलावतो. कॉर्कखाली दीड-दोन फुटांचा लीडर आणि त्याला गळ.

गळाला काय लावायचं? नवशिक्यानं जिवंत कोळंबी. बेट कॅम्पवर ती क्वार्टच्या मापानं मिळते. बादलीत हवेचा छोटा पंप हवा. कोळंबीच्या डोक्यावरच्या काट्याखाली एक काळा ठिपका दिसतो. गळ त्या ठिपक्याच्या पुढून, आडवा, वरच्या कवचातून काढायचा. ठिपक्याला टोचलं की कोळंबी मेली, आणि मेलेली कोळंबी म्हणजे शेंगाळ्याला आमंत्रण. हात बसला की प्लॅस्टिकच्या कोळंबीवर या. आठवड्याच्या मध्ये संध्याकाळी दीड तास मिळाला तर बेट कॅम्पची फेरी वाचते.

कॉर्कशिवाय दुसरी एकच गोष्ट शिका: जिगहेड. शिशाचं डोकं असलेला गळ, एक-अष्टमांश किंवा पाव औंसाचा, त्यावर शेपूट हलवणारा रबरी मासा. रंगांवर लोक तासन्‌तास बोलतात. मी स्वच्छ पाण्यात फिकट, गढूळ पाण्यात गडद, आणि मनात शंका असली की पोपटी शेपटीचा वापरतो. चौथा रंग विकत घेण्याआधी या तिघांवर मासा लागतो का बघा.

जागा

गॅल्व्हस्टनची खाडी सुमारे सहाशे चौरस मैलांची आहे आणि सरासरी खोली सहा-सात फूट. एवढ्या उथळ पसाऱ्यात मासा शोधणं म्हणजे वेडेपणा. शोधायचं ते माशाचं अन्न, आणि ते अन्न जिथं वाहत येतं ती अरुंद वाट.

खाजण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तिवरं येतात. इथं तिवरांपेक्षा गुडघा-कमरेएवढं स्पार्टिना गवत जास्त दिसतं. भरतीला लहान कोळंबी आणि बोयटांची पिल्लं त्या गवतात शिरतात. ओहोटी लागली की पाणी खाजणातल्या ओहळांतून बाहेर पडतं, आणि पिल्लांनाही त्याच वाटेनं यावं लागतं. ओहळ जिथं खाडीला मिळतो तिथं ट्राउट दबा धरून असतो. ओहळाच्या तोंडाच्या वरच्या बाजूला टाका, आमिष प्रवाहाबरोबर खाली येऊ द्या. कोकणात ओहळाच्या तोंडाशी तांबोशी कशी धरतात हे ज्याला माहीत आहे त्याला वेगळं शिकवायला नको.

दुसरी जागा कालवांचे खडक. कालवांच्या फटींत खेकडे, कोलीम, छोटे मासे राहतात, आणि खडकाच्या कडेला पाण्याला भोवरा पडतो. २००८ च्या आईक वादळानं या खाडीतले निम्म्याहून अधिक कालवांचे खडक गाळाखाली गेले, त्यामुळे जुन्या नकाशांवर फार विसंबू नका. ओहोटीला एकदा कॅमेरा घेऊन फिरा, उघडे पडलेले खडक टिपून ठेवा, आणि पाणी चढल्यावर त्याच जागी या. मी काढलेल्या सगळ्या फोटोंत हे बारा फोटो सर्वांत उपयोगी.

पाण्यावरही खुणा असतात. बोयटं घाबरून एकाच दिशेला उड्या मारत असतील तर खाली कुणीतरी आहे. गल पक्षी एकाच जागी चढाओढीनं झडप घालत असतील तर ट्राउटनी कोळंबी वर रेटली आहे. शरद ऋतूत हे दृश्य रोजचं. नुसते टर्न पक्षी भिरभिरत असले तर मात्र धावू नका. तिसरी खूण सांगितली तर कोकणात कुणी विश्वास ठेवत नाही: गुळगुळीत, तेलकट तवंगाचा पाट्याएवढा डाग, आणि हवेत कलिंगडाचा वास. ट्राउट खाताना पोटातलं तेलकट अन्न बाहेर टाकतात, त्याचा तो तवंग. वास आला की वाऱ्याच्या उलट दिशेला बघा, डाग छोटा असेल तर मासे अजून तिथंच आहेत.

बोट नसलेल्यांसाठी ठिकाणं: टेक्सास सिटी डाइक, सुमारे पाच मैल खाडीत गेलेला बांध, गाडी शेवटपर्यंत जाते. गॅल्व्हस्टन आयलंड स्टेट पार्कची खाडीची बाजू, उन्हाळ्यातल्या आग्नेय वाऱ्यात हा किनारा आडोशाला असतो. रात्री दिवे लावणारा कुठलाही धक्का: उजेडाला कोळंबी येते, कोळंबीमागे ट्राउट, आणि तो उजेड-अंधाराच्या सीमेवर उभा असतो, उजेडात नव्हे. गॅल्व्हस्टन बेटाच्या पश्चिम टोकाला सॅन लुइस पास आहे, तिथं मासे भरपूर, पण पाण्यात उतरू नका. पाण्याची ओढ आणि अचानक ढासळणारी वाळू यांनी तिथं माणसं बुडाली आहेत.

टाकणं आणि ओढणं

पहाटे उजाडायच्या अर्धा तास आधी जागेवर. पाण्यात दिवा मारायचा नाही, बादली आपटायची नाही.

कॉर्क टाकला की आधी रिकामी दोरी गोळा करा. मग रॉडचं टोक खाली ठेवून दोन छोटे झटके: ब्लुप, ब्लुप. आणि थांबा. पाच-सात सेकंद. पुन्हा दोन. बहुतेक मासे थांबलेल्या वेळात लागतात, आणि नवशिका नेमकं तेव्हाच चुळबुळतो. मी स्वतः मोजायला सुरुवात केली तेव्हा मासे लागायला लागले. पहिली दोन वर्षं मी बोया नाचवत होतो, एवढंच.

बोया बुडाला की ढोम्याला मारतो तसा हिसका मारू नका. या माशाचं तोंड फार नाजूक. गळाभोवतीची कातडी फाटते आणि मासा निसटतो. दोरी ताठ होईपर्यंत रीळ फिरवा आणि रॉड एका बाजूला झुकवा, बस्स. रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती सहज सुटेल ते ठरवणारा ब्रेक, सैल ठेवा: हातानं दोरी ओढली तर थोड्या जोरात सुटली पाहिजे. मासा वर येऊन डोकं झटकतो, आणि नव्वद टक्के सुटणारे मासे याच क्षणी सुटतात असा माझा अंदाज. त्या वेळी रॉडचं टोक पाण्याजवळ न्या, म्हणजे त्याला उसळी घेता येत नाही. शेवटी हातजाळी. दोरीला धरून धक्क्यावर उचललेला ट्राउट अर्ध्या वाटेवर पाण्यात पडतो, आणि ते बघायला तुमच्या मागे नेहमी कुणीतरी उभं असतं.

जिगहेडनं मारताना तळाला टेकू द्या, हलकेच उचला, पुन्हा टेकू द्या. मासा खाली जाताना घेतो. काही लागल्यासारखं न वाटता दोरी नुसती बाजूला सरकली, तरी रीळ फिरवा.

तीनदा टाकून काही नाही तर दहा पावलं सरका. वीस मिनिटांत काही नाही तर जागा बदला. ट्राउट घोळक्यानं असतात. एक लागला की तिथंच राहा, आणि त्याच अंतरावर, त्याच दिशेला पुन्हा टाका.

सोडायचा मासा ओल्या हातानंच धरा. कोरड्या हातानं आणि टॉवेलनं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि नंतर तो मासा रोगानं मरतो. डोक्यामागून पाठीवर पकड. सुळे आठवा, तोंडात बोट घालू नका. गळ खोल गिळला असेल तर ओढाताण न करता लीडर कापा.

पाण्यात उतरायचं असेल तर

टेक्सासमध्ये कमरेएवढ्या पाण्यात चालत जाऊन मासे धरणं हा मोठा शौक आहे. पण इथल्या तळाशी वागळ्या असतात, आपल्या पाकटांचेच नातेवाईक, वाळूत पुरून बसलेल्या. पाऊल उचलून टाकायचं नाही, घासत सरकवायचं. पाय कडेनं लागला तर वागळी निघून जाते, वरून पडला तर शेपटीचा काटा घोट्यात. पाण्यात चालायचे जाड बूट हवेतच. काटा लागलाच तर पाय सोसेल तेवढ्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, वेदना त्यानं उतरतात, आणि लगेच डॉक्टरकडे.

याहून गंभीर गोष्ट दिसत नाही. उन्हाळ्यातल्या कोमट खाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ व्हल्निफिकस नावाचा जिवाणू असतो, आणि तो जखमेतून शिरला तर एक-दोन दिवसांतही अवयवावर किंवा जिवावर बेतू शकतं. अंगावर ताजी जखम, नवा टॅटू, मधुमेह किंवा यकृताचा आजार असेल तर पाण्यात उतरू नका. आपल्या लोकांत मधुमेह घरटी एक. म्हणून हे ठळक सांगतो. पाण्यात असताना खरचटलं तर बाहेर या, साबणानं धुवा. सूज चढत गेली तर रात्र काढू नका, इस्पितळ गाठा.

शेंगाळा लागला तर, आणि तो लागणारच, पक्कडीनं गळ काढा. पाठीवरचा आणि बाजूचे काटे किती दुखतात हे वेगळं सांगायला नको. बाकी लाइफ जॅकेट, पाणी, टोपी. गडगडाट ऐकू आला की ग्राफाइटचा रॉड म्हणजे हातातला वीजवाहक. खाली ठेवा आणि गाडीत बसा.

ऋतू

वसंतात, मार्च ते मे, मासे उथळ किनाऱ्याला येतात आणि वीण सुरू होते. सर्वांत मोठ्या माद्या या दिवसांत हाताला लागतात, आणि त्या २० इंचांवरच्या असल्यानं, टॅगवरची एखादी वगळता, सोडाव्याच लागतात. फोटो काढा. उन्हाळ्यात नऊ वाजता खेळ संपतो. नंतर मासे खोल खडकांवर जातात. पहाट किंवा रात्रीचा दिवा, मधलं काही नाही.

नवशिक्यानं सुरुवात करावी ती ऑक्टोबरात. पहिल्या नॉर्दरबरोबर पांढरी कोळंबी खाजणं सोडून आखाताकडे निघते, तिच्यामागे ट्राउट, त्यांच्या डोक्यावर गल. हवा बरी असते, डास कमी, आणि मासे इतके भुकेले की चुका माफ होतात. जोडीला रेडफिशही लागतो, तोही याच कुळातला. त्याची लांबी २० ते २८ इंच, माणशी तीन. हिवाळ्यात मासा सुस्त. गडद चिखलाचा तळ दुपारी उन्हानं तापतो, तिथं तीन वाजता जिगहेड इतकं हळू ओढायचं की कंटाळा यावा. मोठ्या पावसानंतर ट्रिनिटी आणि सॅन जॅसिंटो नद्यांचं गोडं पाणी वरच्या खाडीत भरतं, तेव्हा मासे समुद्राच्या तोंडाकडे सरकतात, तुम्हीही सरका.

ताटापर्यंत

या माशाचं मांस फार मऊ, आणि उन्हात ते अर्ध्या तासात बिघडतं. डब्यात बर्फ अर्धा आणि खाडीचं पाणी अर्धं असा काला करून मासा जिवंत असतानाच त्यात घाला. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा एका बाजूनं गार, दुसऱ्या बाजूनं कोमट राहतो.

खाण्याआधी कुठं धरला ते आठवा. ह्यूस्टन शिप चॅनेल आणि वरच्या गॅल्व्हस्टन खाडीतल्या माशांबद्दल राज्याच्या आरोग्य खात्याची सूचना आहे, डायऑक्सिन आणि पीसीबी या रसायनांमुळे. मूल व्हायच्या वयातल्या बायका आणि लहान मुलांसाठी ती अधिक कडक आहे. ती वाचूनच चूल पेटवा. मी खालच्या खाडीतलाच मासा घरी आणतो.

तुकड्या करताना पाठीच्या मांसात शेवयांसारखी पांढरी अळी दिसली तर मासा फेकू नका. ती शार्कमध्ये वाढणाऱ्या पट्टकृमीची अळी आहे, मोठ्या ट्राउटमध्ये सर्रास सापडते, आणि शिजवल्यावर माणसाला काही करत नाही. सुरीच्या टोकानं ओढून काढा. आमच्या घरी हे पहिल्यांदा घडलं तेव्हा बायकोनं अख्खा मासा कचऱ्यात टाकला होता आणि मी रात्री अंडी खाल्ली.

फ्रीझरमध्ये ठेवला की मासा पाणी सोडतो आणि भुसभुशीत होतो, म्हणून त्याच दिवशी संपवा. तीनच तर मासे असतात. तुकड्यांना हळद, मीठ, लाल तिखट आणि आगळ लावून पंधरा मिनिटं, मग रव्यात घोळवून तव्यावर. आगळ जास्त वेळ ठेवू नका, मांस विरघळायला लागतं. रश्शात घालायचा असेल तर रस्सा आधी उकळून घ्या आणि मासा शेवटची पाच मिनिटं, ढवळायचं नाही, भांडं नुसतं हलवायचं. डोकी आणि मधला काटा वेगळा ठेवा. तिरफळं ठेचून, ओल्या खोबऱ्याच्या वाटपात त्यांचं सार होतं, आणि बाबा आले की तुकड्या आम्हाला देऊन ते तेवढंच मागून घेतात.